दात साफ करूनही कुत्र्या-मांजराच्या तोंडाचा वास परत येतोय? आधी तारखा बघा

भुऱ्यानं जांभई दिली की सोफ्यावर बसलेली माणसं माना फिरवायची. नऊ वर्षांचा, मध्यम चणीचा, अंगानं ठणठणीत कुत्रा. वाडगं चाटूनपुसून लख्ख करायचा, चेंडूमागे पळायचा. फक्त तोंडातून असा भपकारा यायचा की आत काहीतरी मरून पडलंय असं वाटावं. दीड वर्षात आम्ही त्यावर चार वेळा इलाज केला आणि चारही वेळा वास गेला. घोळ तिथंच होता. गोळ्या चालू असेपर्यंत तोंड बरं, गोळ्या संपल्या की दहाव्या-बाराव्या दिवशी वास पुन्हा हजर. दरवेळी आम्ही म्हणायचो, ‘याला परत झालं.’ परत काही झालेलंच नव्हतं. जे होतं ते कधी गेलंच नव्हतं.

पहिल्यांदाच वास आला असेल त्यांनाही हे उपयोगी पडेल, पण लिहितेय मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या वेळी कपाळाला हात लावलेल्यांसाठी.

वास किती दिवसांनी परतला?

वास कसला येतो ते सगळे रंगवून सांगतात. तो मधे गेला होता का आणि किती दिवसांनी परतला, असं डॉक्टरांनी विचारलं की मात्र ‘झाले असतील काही दिवस’ यापलीकडे आपल्याकडे उत्तर नसतं. निदानाचा निम्मा रस्ता याच आकड्यात असतो, असं आता माझं मत झालंय. घरात कॅलेंडर असेल तर त्यावर तीन गोष्टी लिहा: इलाज कधी झाला, वास कधी गेला, परत कधी जाणवला.

वास काही तासांत किंवा दुसऱ्याच दिवशी परतत असेल, तर दातांच्या आधी इतरत्र बघा. विष्ठा खायची सवय असलेला कुत्रा, कचऱ्यात तोंड घालणारा कुत्रा, स्वतःचं बूड सारखं चाटणारा प्राणी. शेवटचा प्रकार फसवा आहे. शेपटीखाली दोन्ही बाजूंना छोट्या गुदग्रंथी असतात. त्या तुंबल्या की प्राणी तिथं चाटत राहतो आणि नासक्या माशासारखा वास तोंडाला लागतो. लोक दात साफ करून घेतात आणि वास तसाच राहतो, कारण तो दुसऱ्या टोकाकडून येत असतो. बूड जमिनीवर घासत चालणं ही त्याची खूण.

अँटिबायोटिक संपल्यावर एक ते तीन आठवड्यांत परतला, तर बहुधा संसर्गाचं घर आत शाबूत आहे. औषधानं जंतू कमी होतात, पण ते जिथं दडलेत ती जागा तशीच राहते: मेलेल्या दाताचं मूळ, हिरडीखालचा खोल कप्पा, मांजरांत तोंडभर पसरलेला दाह. भुऱ्याचं हेच होतं.

भूल देऊन नीट सफाई झाली आणि वास चार, सहा, आठ महिन्यांनी हळूहळू परतला, तर डॉक्टरांचं काम बहुतेक ठीक झालंय. उरलेलं काम घरचं होतं आणि ते झालं नाही. आणि सफाईनंतर वास एकदाही गेलाच नाही, तर दोनच शक्यता उरतात: दुखरा दात नजरेतून सुटला, किंवा वासाचा दातांशी संबंधच नाही.

आधी वासाची जागा शोधा

यासाठी मी एक साधी चाचणी करते. गॉजचे, म्हणजे जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचे, चार-पाच छोटे तुकडे घ्यायचे. एक बोटाला गुंडाळून वरच्या उजव्या दाढांच्या बाहेरच्या बाजूनं, हिरडी आणि दात जिथं भेटतात त्या रेषेवरून अलगद फिरवायचा. दुसरा डाव्या बाजूला. तिसरा खालच्या ओठाच्या घडीत, सुळ्याच्या मागे जिथं कातडीला दुमड पडते तिथं. चौथा कानात वरवर, आत न खुपसता. मग प्रत्येक तुकडा वेगळा ठेवून वास घ्यायचा. हो, किळस येते. पण ‘तोंडाला वास येतो’ या गोळाबेरीज वाक्याच्या जागी ‘उजव्या वरच्या दाढेपाशी येतो, डावीकडे नाही’ असं नेमकं वाक्य हाती येतं.

स्पॅनियल, बुलडॉग अशा लोंबत्या ओठांच्या कुत्र्यांत तिसरा तुकडाच सर्वात वाईट निघतो. घडीत लाळ साचते, कातडी ओली राहते, लाल होते, त्यावर जंतू आणि यीस्ट वाढतात. तोंड आतून चकचकीत असलं तरी कुत्रा जवळ आला की नाक मुठीत धरावं लागतं. तिथं टूथब्रशचा काडीचाही उपयोग नाही. घडी रोज पुसून कोरडी ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेला जंतुनाशक पुसा, हेच कामाचं. कानाचा संसर्गही कित्येकदा तोंडाचा वास म्हणून खपतो, कारण कुत्रा डोकं आपल्या मांडीवर ठेवतो आणि आपल्याला वाटतं वास तोंडातून येतोय.

चाचणीत गॉजवर रक्त आलं, तर तो हिरडीचा दाह आहे. निरोगी हिरडी नुसत्या पुसण्यानं रक्त देत नाही.

आता बघणं. तोंड उघडायच्या फंदात पडू नका. चावून घ्याल, शिवाय आतलं दिसणार नाही ते नाहीच. तोंड मिटलेलंच ठेवून गालाकडचा ओठ वर उचला आणि टॉर्च मारा. कुत्र्याला 42 दात असतात, मांजराला 30, पण बघायचा पहिला दात एकच: वरच्या जबड्यातली मागची सर्वात मोठी, कात्रीच्या पात्यासारखी दाढ. लाळेच्या नळ्या तिच्या आसपास तोंडात उघडतात, म्हणून पिवळं-तपकिरी कीटण सर्वात आधी आणि सर्वात जाड तिथं चढतं. कडक वस्तू चावताना सगळ्यात जास्त तुटते तीही हीच. दातालगत हिरडीची कड लाल रेघेसारखी दिसतेय का, एखाद्या बाजूला कीटण दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त आहे का, दाताचा रंग गुलाबी, जांभळा किंवा राखाडी झालाय का, ते बघा. एका बाजूला जास्त कीटण म्हणजे बहुधा त्या बाजूनं प्राणी चावत नाही, आणि चावत नाही म्हणजे बहुधा तिथं दुखतंय.

लहान चणीच्या कुत्र्यांत आणखी एक गोष्ट दिसते: एकाच जागी दोन सुळे. दुधाचा पडलाच नाही आणि पक्का शेजारी उगवला. मधल्या फटीत केस आणि अन्न अडकतं आणि कायमचा उकिरडा तयार होतो. तो दुधाचा दात काढूनच टाकावा लागतो. पिल्लांना साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात दात पडताना काही दिवस रक्तासारखा धातूचा वास येतो. त्याची काळजी नको.

कीटणाचं गणित

जेवणानंतर काही तासांत दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो मऊ असतो, ब्रशनं निघतो. लाळेतले क्षार त्यात बसून दोन-तीन दिवसांत त्याचं दगडासारखं कीटण होतं, आणि मग ब्रश घासून हात दुखले तरी ते हलत नाही. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण कीटण झपाट्यानं चढतं. ‘आठवड्यातून एकदा करतो की ब्रश’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथं चुकतो. सहा दिवसांचा थर तोवर दगड झालेला असतो.

आणि तरीही वासाचा खरा कारखाना त्या दिसणाऱ्या तपकिरी थरात नसतो, तो हिरडीच्या खाली असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निसर्गतःच एक अरुंद खाच असते: कुत्र्यात साधारण 3 मिलिमीटरपर्यंत, मांजरात 1 मिलिमीटरच्या आत. सूज आली की ही खाच खोल कप्पा बनते. तिथं हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जंतू फोफावतात. ते प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन असे गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याचा आणि सडक्या कोबीचा जो मिश्र भपकारा येतो तो हाच. नुसत्या लाल हिरडीचा टप्पा पूर्ण उलटवता येतो. एकदा का दाताला धरून ठेवणारं हाड झिजलं की ते परत येत नाही. पुढची झीज थांबवणं एवढंच हातात राहतं.

बहुतेक कुत्र्यांत आणि मांजरांत या रोगाची सुरुवात वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आत झालेली असते, म्हणून ‘अजून तर लहान आहे’ या वाक्यावर विसंबू नका. छोट्या जातींत आणि चपट्या नाकाच्या जातींत दातांची दाटी असते, त्यामुळे तिथं ते आणखी लवकर होतं.

सफाई म्हणजे नेमकं काय करून घेतलंत?

भुऱ्याची पहिली सफाई भूल न देता झाली. दोघांनी त्याला धरलं, अर्ध्या तासात दात पांढरेशुभ्र. आम्ही खूश, फोटोही काढले. वास पाच दिवसांत परत.

जागेपणी केलेल्या खरवडण्यानं दाताचा दिसणारा भाग चमकतो, पण हिरडीखाली हत्यार घालणं जागेपणी शक्यच नसतं. कोणता प्राणी घालू देईल? जिभेकडची बाजू तर पूर्ण सुटते. पशुदंतवैद्यांची अमेरिकन संस्था, अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेज, भूल न देता केलेल्या सफाईला उघड विरोध करते, तो याच कारणानं. शिवाय पांढरे दात बघून मालकाचं समाधान होतं आणि आतला रोग आणखी वर्षभर निवांत वाढतो. आमचं वर्ष असंच गेलं.

दुसरी सफाई भूल देऊनच झाली, पण क्ष-किरण फोटो न काढता. कीटण गेलं, हिरडीखालूनही साफ झालं, आणि तरी गोळ्या संपल्यावर वास आलाच. मग तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला फक्त अँटिबायोटिक. तोवर मी कॅलेंडरवर लिहायला लागले होते: बारा दिवस, दहा दिवस, अकरा दिवस. हे आकडे दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गॉजची चाचणी विचारली, मी म्हटलं उजवीकडे जास्त. त्यांनी ओठ उचलला, नखानं दाढेच्या बाहेरच्या बाजूवर टकटक केलं आणि मला म्हणाले, ‘इथं बघा, सपाट आहे. डावीकडची बघा, फुगीर आहे.’ दाढेच्या बाहेरच्या अंगाचा एक चपटा टवका उडालेला होता. खपलीसारखा, इतका नीट की जणू मुळातच तिथं नव्हता. आणि वर्षभर मी त्याच दाढेकडे टॉर्च मारून ‘किती स्वच्छ झालीय’ म्हणत होते.

भूल देऊन क्ष-किरण फोटो काढला, तर मुळाच्या टोकाभोवती हाड विरघळून काळं वर्तुळ झालेलं. दात आतून कधीच मेला होता आणि मुळाशी पू साचत होता. त्या दाढेला तीन मुळं असतात. तिचे तुकडे करून एकेक मूळ काढावं लागलं, वर विरघळणारे टाके. पंधरा दिवस मऊ जेवण. वास तिसऱ्या दिवशी गेला आणि कॅलेंडरचे पुढचे चौकोन कोरे राहिले. दात वाचवायचा तर रूट कॅनालही करता येतं, पण ते लवकर सापडलं तर. डोळ्याच्या खाली अचानक सूज येणं किंवा तिथून पू वाहणं हे बहुतेकदा याच दाढेच्या मुळाचं गळू असतं. लोक ते डोळ्याचं दुखणं समजून थेंब घालत बसतात.

म्हणून सफाई ठरवताना सरळ विचारा: पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी घालणार का? हिरडीखाली साफ करणार का? प्रत्येक दाताभोवती मापकाडीनं खोली मोजणार का? दातांचे क्ष-किरण फोटो काढणार का? दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीच्या आत असतो. फोटोशिवाय तो भाग फक्त अंदाजानं बघितला जातो. ‘वय झालंय, भूल नको’ असं घाईनं ठरवू नका. आधी रक्त तपासून, हृदय ऐकून, मग ठरवा. वय हा आजार नाही. तपासणीत सापडणारे आजार खरे अडसर.

आणि दात काढायला सांगितले तर फार हळवे होऊ नका. कुत्रा-मांजर बिनदाताचे मजेत जेवतात. दुखरे दात घेऊन मात्र ते गपचूप जेवत राहतात, आणि आपण म्हणतो, ‘खातोय ना, मग दुखत नसेल.’

मांजर असेल तर

मांजराचं वेगळं लिहायला हवं, कारण तिच्या तोंडातले दोन मोठे घोळ कुत्र्यात इतके दिसत नाहीत.

पहिला, दात विरघळणं. शरीरातल्याच पेशी दाताला आतून आणि मुळाकडून खात जातात. बाहेरून दिसलंच तर हिरडीच्या कडेला एक गुलाबी ठिपका, दातावर हिरडी चढल्यासारखी. त्याला हलकासा धक्का लागला तरी मांजर जबडा थरथरवते. हे का होतं त्याचं पक्कं कारण सापडलेलं नाही, भरणं करून ते थांबत नाही, दात काढावाच लागतो.

दुसरा, तोंडाचा पसरलेला दाह, स्टोमॅटायटिस. यात हिरड्याच नव्हे तर जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातली, घशाच्या अलीकडची त्वचा रसरशीत लाल, फुगलेली, हात लावताच रक्त येईल अशी होते. मांजराचं शरीर तोंडातल्या जंतूंवर आणि विषाणूंवर गरजेपेक्षा जास्त चवताळतं. कॅलिसिव्हायरस यात वारंवार सापडतो. वास असा की खोलीत मांजर आहे हे न बघता कळावं. एका मैत्रिणीचा बोका वाडग्याकडे धावत यायचा, एक घास घ्यायचा, किंचाळून वाडग्यावरच फिस्कारायचा आणि पलंगाखाली पळायचा. तिला वाटलं नखरे आहेत, अन्न बदलून बघितलं, चार प्रकार झाले. तो अन्नावर नाही, दुखण्यावर रागावला होता. अंग चाटणं सोडल्यानं त्याची पाठ राठ आणि गुठळ्या-गुठळ्यांची झाली होती, हनुवटी लाळेनं कायम ओली.

या आजारात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही आठवडे जादू होते, मग पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी जादू थोडी कमी टिकते. टिकाऊ इलाज म्हणून दाढा किंवा सगळेच दात काढावे लागतात. ऐकायला भयंकर आहे. पण बहुसंख्य मांजरं त्यानंतर खूप सुधारतात किंवा पूर्ण बरी होतात, आणि काहींना पुढेही औषध लागतं. त्याआधी एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया या दोन विषाणूंची रक्ततपासणी करून घ्यावी. मैत्रिणीच्या बोक्याला आज एकही दाढ नाही आणि त्याचं वजन कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

तोंड स्वच्छ, तरी वास

अमोनियासारखा, लघवीची आठवण करून देणारा वास आला तर मूत्रपिंडाकडे बघा. रक्तात युरिया साठतो, लाळेत उतरतो, तोंडात जंतू त्याचा अमोनिया करतात. पुढे जिभेच्या कडेला आणि ओठांच्या आत चट्टे पडतात. उतारवयातल्या मांजरांत हे फार आढळतं. बरोबर पाणी जास्त पिणं, मातीच्या ट्रेमध्ये मोठमोठे ओले गोळे, वजन उतरणं हेही असतं. मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ रक्तात वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडाची साधारण तीन-चतुर्थांश क्षमता गेलेली असते, म्हणून लघवीची तपासणी रक्ताबरोबरच करा.

गोडसर, पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि प्राणी मलूल, उलट्या करणारा, खाणं सोडलेला: हा मधुमेहातला कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याची जिवावरची अवस्था, असू शकतो. उद्याची वेळ घेऊ नका, आत्ता निघा. यात एक गंमत आहे, ती भीतीदायक आहे: हा वास सगळ्यांना येतच नाही. तो ज्याचा असतो तो अॅसिटोन काही माणसांच्या नाकाला फारसा जाणवत नाही. घरात दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा.

उलटीला आणि श्वासाला विष्ठेसारखा वास असेल तर आतडं अडलेलं असू शकतं; तेही आत्ताच.

वयस्कर प्राण्यात अचानक, एकाच बाजूनं सडका वास, लाळेत रक्त, एखादा दात काही कारण नसता हलणं, याचा अर्थ तोंडातली गाठ असू शकते. कुत्र्यात मेलानोमा, मांजरात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हे त्यातले नेहमीचे कर्करोग. जिभेखाली उगवलेली गाठ तर महिनोन्महिने कुणी बघतच नाही. असा हललेला दात काढून जखम भरली नाही, तर तुकडा तपासायला पाठवायचा आग्रह धरा.

आणि एक साधी गोष्ट, जी डॉक्टरांना सापडली की सगळे हसतात: टाळूला आडवी अडकलेली काडी. दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मधे ती घट्ट बसते, कुत्रा दोन दिवस पंजानं तोंड ओरबाडतो, नंतर सवय झाल्यासारखा गप्प होतो, आणि आठवड्यानं वास सुटतो. मांजराच्या जिभेखाली दोरा दिसला तर मात्र हसू नका आणि ओढूही नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्यानं आतडं कापलं जातं.

घरचं काम

मूळ कारण निघाल्यावर टूथब्रशला अर्थ येतो. दुखऱ्या तोंडात ब्रश घातला तर प्राणी जन्मभर ब्रशला घाबरेल, म्हणून आधी इलाज, काही आठवडे थांबायचं, मग ब्रश.

पहिला आठवडा फक्त ओठ उचलायचा आणि खाऊ द्यायचा. मग बोटावर प्राण्यांची पेस्ट चाटवायची. मग बोटाला गॉज. मग मऊ ब्रश, दातांच्या बाहेरच्या बाजूनं, हिरडीच्या रेषेकडे तिरका धरून, एका बाजूला पंधरा-वीस सेकंद. आतली बाजू जीभ बरीचशी घासते. तिच्यासाठी युद्ध मांडू नका. रोज केलं तर उत्तम, दिवसाआड चालेल, त्याहून कमी केलं तर वर सांगितलेलं दगडाचं गणित आड येतं. मांजराला बाळाचा सर्वात छोटा ब्रश किंवा कानात घालायची कापसाची काडी पुरते. माझी सध्याची मांजर वरच्या दाढांपर्यंतच सहकार्य करते, खालच्यांना हात लावला की सभात्याग. मी तेवढ्यावर भागवते.

माणसांची पेस्ट नको. प्राणी ती थुंकत नाहीत, गिळतात. त्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल. झायलिटॉलनं कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते, पुढे यकृतही जातं. ते साखरमुक्त च्युइंगम आणि माउथवॉशमध्येही असतं, तेव्हा ‘माझंच थोडं पाण्यात टाकते’ हा विचार सोडा. लवंगेचं तेल, टी-ट्री तेल हेही नको, मांजराला तर अजिबात नको. दात दुखतोय म्हणून घरची पॅरासिटामॉल देणं मांजराच्या जिवावर बेततं. एक गोळी पुरते.

‘कोरडं खाणं दिलं की दात आपोआप घासले जातात’ हे मीही अनेक वर्षं मानलं. साधा दाणा दाताच्या टोकाला लागताच फुटतो, हिरडीपर्यंत पोचतच नाही. दातांसाठी खास बनवलेल्या अन्नाचे दाणे मोठे आणि तंतुमय असतात, दात त्यात रुततो आणि पुसला जातो. तो वेगळा प्रकार. अशा अन्नांची, चघळण्याच्या वस्तूंची आणि पाण्यात टाकायच्या द्रवांची व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था चाचण्यांचे निकाल बघून शिक्का देते. वेष्टनावर तो शिक्का बघा, चमकत्या दातांचं चित्र नको.

चघळायला काय द्यायचं? अंगठ्याचं नख दाबून खूण पडली तर द्या. नख रुतत नसेल तर ती वस्तू दाताहून कडक समजा: हाडं, शिंगं, खूर, दगड. भुऱ्याचा टवका कशानं उडाला ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते वाळलेलं हाड मीच त्याला वाढदिवसाला दिलं होतं.

आता दर रविवारी गॉजचे दोन तुकडे, उजवा आणि डावा. उजवीकडे जिथं दाढ होती तिथं गुळगुळीत गुलाबी हिरडी आहे आणि गॉजला फक्त त्याच्या जेवणाचा वास येतो.